हेक्टरी १५,९५,७९० रुपये

वनखात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले मामा आणि पर्यावरण अर्थशास्त्रात पीएच.डी. करून एका संशोधन संस्थेत नुकतीच लागलेली भाची, ही दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे कायदे, खटले आणि सरकारी आकडे मात्र खरे आहेत. दोघांना चंद्रपुरातल्या एका घराच्या पडवीत बसवलं आहे, कारण या वादाला महाराष्ट्रात याहून योग्य जिल्हा सुचला नाही. एकीकडे ताडोबा, दुसरीकडे कोळशाच्या खाणी, आणि मधल्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा. मामा अधूनमधून चिडतात. ते तसंच राहू दिलं आहे.

मामा: तुझी आई फोनवर म्हणाली, पोरीला जंगलाचं काम मिळालं. मी खूश झालो. नंतर कळलं, जंगलाची किंमत लावायचं काम मिळालं.

भाची: तुम्हीही तेच करत होतात की. वनजमीन वळतीकरणाच्या प्रस्तावात एनपीव्हीचा, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्याचा, तक्ता कोण भरायचं?

मामा: मीच. दर बघायचा, झाडोऱ्याची घनता बघायची, क्षेत्राने गुणायचं. म्हणून तर सांगतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दर ठरवले, हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत. मी घरी बसल्यावर, २०२२ मध्ये, ते वाढले. आता सगळ्यात उत्तम, सगळ्यात दाट जंगलाला हेक्टरी १५,९५,७९०. ऐकायला भरभक्कम वाटतं ना? भागाकार कर. चौरस फुटाला १५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तू जिच्यावर पाय ठेवून बसली आहेस ती फरशी महाग आहे.

भाची: आणि एनपीव्ही यायच्या आधी काय दर होता?

मामा: आधी पर्यायी वनीकरणाचा खर्च घ्यायचो. खड्डे, रोपं, कुंपण, राखणदाराची मजुरी.

भाची: म्हणजे नवीन रोपांचे पैसे. जे जंगल तुटणार त्याचे?

मामा: त्याचे वेगळे काही नाही.

भाची: म्हणजे शून्य. लोक म्हणतात जंगल अमूल्य आहे, त्याला किंमत लावू नका. पण फायलीत अमूल्य लिहायला रकानाच नसतो. रकाना कोरा राहिला की समोरचा तो शून्य म्हणूनच वाचतो. खाणीच्या बाजूला कोळसा किती टन, रोजगार किती, रॉयल्टी किती, सगळं पैशात मांडलेलं. दुसऱ्या बाजूला 'निसर्गसौंदर्य'. कोण जिंकणार? गोदावर्मन खटल्यात २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की तुटणाऱ्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य भरा. तेव्हा कुठे रकान्यात काहीतरी आलं.

मामा: आलं, आणि पावती झाली. आधी एखादा प्रकल्पवाला कार्यालयात यायचा तेव्हा जरा अंग चोरून बसायचा. जंगल मागतोय याची लाज असायची. एनपीव्ही आल्यावर लाज गेली. "साहेब, रक्कम भरली आहे, आता अडलंय कुठे?" पैसे भरले म्हणजे हक्क झाला, असं त्यांना वाटायला लागलं.

(मामांचा हा मुद्दा मला त्यांच्या चौरस फुटाच्या हिशेबापेक्षा जड वाटतो. दर कमी असेल तर वाढवता येतो. गेलेला संकोच कुठल्या परिपत्रकाने परत आणणार?)

भाची: मान्य. पण तो दर कसा आला तेही बघा. न्यायालयाने २००५ मध्ये समिती नेमायला सांगितली, दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथच्या कांचन चोप्रा तिच्या अध्यक्षा होत्या. त्या आयुष्यभर सामाईक जमिनी, वनं, पाणलोट यांचं अर्थशास्त्र करत आलेल्या. समितीचं म्हणणं होतं की प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा व्हावा, लाकूड, गौण वनोपज, पाणी, कार्बन असा. आणि ज्याचं जे नुकसान त्याला त्याचा वाटा मिळावा. मोहफूल गावाचं बुडतं, कार्बन देशाचा बुडतो, तर पैसेही तसेच वाटले जावेत.

मामा: आणि हातात काय आलं? सरसकट तक्ता. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट, झालं. पैसे गेले कॅम्पाच्या, म्हणजे पर्यायी वनीकरण निधीच्या, खात्यात. कायदा २०१६ चा. राज्यांना मोठी रक्कम सुटली २०१९ मध्ये, ४७ हजार कोटींच्या वर. त्या सगळ्या वर्षांत जिच्या वाटचं मोहाचं झाड गेलं ती बाई कुठे होती त्या तक्त्यात?

भाची: नव्हती. म्हणून तर मला हे काम करायचं आहे. तुमचा राग तक्त्यावर आहे. माझाही तक्त्यावरच आहे.

मामा: नाही, माझा राग तक्त्याच्या आधीपासूनचा आहे. तुम्ही लोक विचारता काय? तुमच्यातलाच एक जण सर्व्हे घेऊन आला होता. प्रश्न असा: "हे जंगल वाचवण्यासाठी आपले कुटुंब दरवर्षी किती रुपये देण्यास तयार आहे?" माडिया बाईला विचारतोय. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, हा जंगल विकायला आलाय का?

भाची: आमच्या शास्त्रातली ती जुनी जखम आहे. किती द्याल असं विचारलं की उत्तर खिशावर अवलंबून. श्रीमंताचं प्रेम महाग, गरिबाचं स्वस्त. त्याऐवजी किती घेतलेत तर सोडाल असं विचारलं की आकडा कितीतरी मोठा येतो, आणि कित्येक जण म्हणतात, सोडणारच नाही. मग अभ्यासक सोयीसाठी पहिला प्रश्न विचारतो.

मामा: सोयीसाठी! बघ, तूच म्हणालीस.

भाची: म्हणाले. पण या प्रश्नावर आमच्यातच केवढी भांडणं झाली आहेत. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' या जहाजातून तेल सांडलं. जे अमेरिकी लोक तिथे कधी जाणारही नव्हते त्यांनासुद्धा त्याचं दुःख झालं. त्या दुःखाची भरपाई मागता येते का? सर्वेक्षणाने ती मोजता येते का? सरकारने केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांना बसवलं. १९९३ मध्ये त्यांच्या मंडळाने सांगितलं, मोजता येईल, पण अटी पाळा. समोरासमोर विचारा, किती द्याल असं मोघम न विचारता ठरावीक रकमेवर हो की नाही असं मत घ्या, खर्च खिशातूनच जाणार याची आठवण द्या. तरी अजून कित्येक अर्थतज्ज्ञ त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मामा: तेवढे तरी शहाणे आहेत म्हणायचे. आणि ती दुसरी तऱ्हा? पर्यटकांना गेटवर अडवून विचारता ना, कुठून आलात, गाडीला किती लागले, हॉटेलला किती?

भाची: प्रवासखर्चाची पद्धत. हॅरॉल्ड हॉटेलिंगने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्रातून सुचवली होती. माणूस एखादी जागा बघायला किती खर्च करून येतो, त्यावरून त्या जागेचं मोल.

मामा: म्हणजे मुंबईहून विमानाने नागपुरात उतरून ताडोबाला आला त्याचं तिकीट जंगलाच्या खात्यात जमा. आणि कोलारा गेटाबाहेरच्या गावातला माणूस, जो चालत येतो, ज्याची शेळी वाघाने नेली, त्याचा प्रवासखर्च शून्य. त्याच्यासाठी जंगलाचं मोलही शून्य का?

भाची: एवढ्याच पद्धतीवर थांबलं तर हो, शून्य. म्हणून एकाच पद्धतीवर थांबायचं नसतं. पण सगळेच असं काम करतात असं मी म्हणणार नाही.

मामा: मग नीट केलेलं एखादं काम सांग. एकच.

भाची: केंद्रापाडा. ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, १० हजारांच्या आसपास माणसं गेली. सौदामिनी दास या अर्थतज्ज्ञ बाईंनी तिथल्या गावांची मृत्यूची नोंद गोळा केली आणि गाव व समुद्र यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा किती रुंद होता ते मोजलं. नुसतं तेवढंच नाही. गाव किनाऱ्यापासून किती लांब, जमीन किती उंच, लाट किती आत आली, घरं कशाची, हे सगळं हिशेबात धरलं. १९४४ मधला तिवरांचा विस्तारही पाहिला, म्हणजे मुळात तिथे तिवरं होती की नव्हतीच हा घोळ राहू नये. जेफ्री व्हिन्सेंटबरोबरचा त्यांचा निबंध २००९ मध्ये आला. ४०० हून अधिक गावं. पट्टा जिथे रुंद तिथे मृत्यू कमी. तिवरं अजिबात नसती तर दर गावामागे सरासरी १.७२ माणसं आणखी मेली असती.

मामा: पावणेदोन माणसं.

भाची: हो, आणि त्याच निबंधात त्यांनी हेही लिहिलंय की सरकारने आधी दिलेल्या इशाऱ्याने तिवरांपेक्षा जास्त जीव वाचवले. तिवरांच्या बाजूची बाई, पण तिवरांना सोयीचं नसलेलं वाक्य गाळलं नाही. मला विचाराल तर ते वाक्य वाचून मी हा विषय घेतला.

मामा: हं. यात कुणाला 'किती द्याल' असं विचारलेलं नाही.

भाची: नाही. मेलेली माणसं मोजली.

(मामा इथे थोडा वेळ गप्प बसले असते असं मला वाटतं. पण ते गप्प बसणारे नव्हेत. वळतीकरणाच्या फायली हाताळलेला माणूस अहवालाची शेवटची पानं आधी वाचतो.)

मामा: आता तळटीपेकडे ये. व्याजाचा दर. आमच्या काळात अहवालात कुठेतरी बारीक टाइपात असायचं, "वटाव दर इतका धरला आहे". मला कुणी समजावून सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

भाची: उलटं व्याज समजा. आजपासून ५० वर्षांनी १०० कोटींचं नुकसान होणार आहे. झरे आटतील म्हणा. दर ८ टक्के धरला तर त्या नुकसानीची आजची किंमत २ कोटी १३ लाख. दर २ टक्के धरला तर ३७ कोटी.

मामा: नुकसान तेच?

भाची: तेच जंगल, तेच झरे, तेच साल.

मामा: मग दर कोण ठरवतं?

भाची: अहवाल लिहिणारा. काही ठिकाणी सरकारी संकेत असतो. हवामानबदलावरचं सगळं मोठं भांडण याच दरावर आहे. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात तो १.४ टक्क्यांच्या आसपास धरला आणि जगाला सांगितलं, आत्ताच मोठा खर्च करा. विल्यम नॉर्डहॉस यांनी बाजारातल्या परताव्याशी जुळणारा, म्हणजे कितीतरी चढा दर धरला आणि सांगितलं, हळूहळू वाढवत न्या. नॉर्डहॉस यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. दोघांपैकी कुणाचाही गुणाकार चुकलेला नाही.

मामा: म्हणजे नातवाचा जीव आपल्यापेक्षा किती स्वस्त, ते तुम्ही तळटीपेत ठरवता. आणि मग आम्हाला सांगता, हे शास्त्र आहे.

भाची: गणित शास्त्र आहे. दर ही नीती आहे. माझं म्हणणं एवढंच की ती तळटीप पहिल्या पानावर आणा. ग्रामसभेत वाचून दाखवा. कोळशाची खाण पंचवीस-तीस वर्षं चालते, नंतरचा खड्डा आणि पाणी पुढच्यांच्या वाट्याला. त्यांनी किती टक्के मान्य केले असते ते विचारायला ते हजर नाहीत, तर निदान दर कुणी निवडला त्याचं नाव तरी असू द्या. गोव्यात २०१४ मध्ये न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतला १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितला तो याच विचाराने. खनिज एकदाच निघतं. मुद्दल खाऊ नका, नातवंडांसाठी ठेवा.

मामा: ठीक. आता खरं बोलूया. तू दिवसभर करतेस काय? आणि पैसे कोण देतं?

भाची: करायला पुष्कळ असतं, ऐटबाज काही नाही. संगणकावर आकडे साफ करणं, उपग्रहाच्या नकाशावर गावाच्या सीमा बसवणं, प्रश्नावली लिहून ती चार घरी चालवून बघणं, मग ती फाडून पुन्हा लिहिणं. तुमच्या खात्याकडून कार्य आयोजनेची प्रत मिळवायला माहितीचा अधिकार वापरणं.

मामा: आमच्याकडे कपाटात असते. मागितली तर देतात.

भाची: तुम्ही द्यायचात. आणि निधीसाठी अर्ज लिहिणं, त्यात फार वेळ जातो. माझ्या वर्गातले सगळे एका वाटेने गेले नाहीत. एम.ए. अर्थशास्त्र झालं की यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते, मग मंत्रालयात बसून धोरणाच्या टिपण्या लिहायच्या. काही जण भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत, चेन्नईच्या मद्रास स्कूलमध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेत शिकवतात, संशोधन करतात. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं, त्यात पाण्याच्या अर्थकारणाचा जाणकार सदस्य असावा अशी तरतूदच आहे. आणि अलीकडे कंपन्या. सेबीने बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा, समाजाचा अहवाल देणं सक्तीचं केलं, तेव्हापासून माझ्या मैत्रिणींना फोन येतात.

मामा: पगार कुठे जास्त?

भाची: जिथे प्रकल्पवाला पैसे देतो तिथे.

मामा: हेच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवाल कोण करून घेतं? ज्याला खाण हवी तो. सल्लागार त्याचा, बिल त्याचं. "ही खाण करू नका" असं लिहिलेला अहवाल मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा निघाला होता, माहिती आहे ना? कोकणातले पक्षी स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहतात म्हणे.

भाची: माहिती आहे. आम्हाला वर्गात शिकवताना दाखवतात.

मामा: हसायला?

भाची: आधी हसायला. मग सर विचारतात, हा अहवाल वाचून कुणी सही केली असेल? मी तसल्या नोकरीला गेले नाही मामा, पण गेलेल्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. घराचं कर्ज असतं. अहवालाचे पैसे प्रकल्पवाल्याने एका सामाईक निधीत भरावेत आणि अभ्यासक दुसऱ्याने नेमावा, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. तोवर चांगला अर्थतज्ज्ञ आणि विकला गेलेला अर्थतज्ज्ञ दोघांचे तक्ते सारखेच दिसतात.

मामा: तुला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव आठवतं? तुला लहानपणी नेलं होतं.

भाची: बांबू आठवतो.

मामा: २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास. तरी आमच्या खात्याने बांबूचा वाहतूक परवाना दिला नाही. आमच्या लेखी बांबू लाकूड, कायद्याच्या लेखी गौण वनोपज. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. खात्याचा माणूस म्हणून सांगतो, आम्हाला फार झोंबलं. पण एक पाहिलं. त्यांनी बांबूचा भाव स्वतः ठरवला. किती तोडायचा ते सभेत बसून ठरवलं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठले नाहीत. तिथे तुझ्यासारखी कुणी नव्हती. मग तुझं काम काय?

भाची: एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाई जन्मभर हेच सांगत आल्या. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने लिहिलं की सामाईक कुरण उजाड होणारच, एक तर सरकारने घ्यावं नाही तर वाटून टाकावं. ऑस्ट्रॉम स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाट अभ्यासत गेल्या आणि म्हणाल्या, लोक शतकानुशतकं सांभाळतायत, तुम्ही विचारलंच नाहीत. नियम कोण करतं, राखण कोण करतं, मोडल्यावर दंड किती, हे बघा. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या मूळच्या अर्थतज्ज्ञ नव्हत्याच, राज्यशास्त्राच्या.

मामा: मेंढ्याला हक्क मिळाला तेच वर्ष.

भाची: हो. मेंढ्याला मी लागत नाही. ज्या गावाकडे हक्काचा कागद नाही आणि ज्याच्या जंगलावर उद्या प्रस्ताव येणार आहे, त्या गावाला लागते. उरणचं घ्या. बंदराच्या कामाने खाडीचं पाणी अडलं, तिवरं गेली, कोळ्यांची मासेमारी बुडाली. २०१५ मध्ये हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख द्यायला सांगितले. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. बुडालं ते आकड्यात मांडता आलं म्हणून निकालात आकडा आला.

मामा: खाडी परत आली का?

भाची: नाही.

मामा: मासे?

भाची: नाही मामा. पण "काहीच बुडालं नाही" असं म्हणायची सोय संपली.

मामा: तेवढ्यासाठी शिकलीस?

भाची: तेवढ्यासाठी. राष्ट्रीय उत्पन्नाचं बघा. उद्या इथलं जंगल तोडून लाकूड विकलं तर देशाचं उत्पन्न वाढलेलं दिसतं, आणि जंगल गेलं ते कुठेच वजा होत नाही. किराणा दुकानदारसुद्धा माल संपला तर तो नफ्यात धरत नाही. पार्थ दासगुप्तांच्या समितीने २०१३ मध्ये सरकारला सांगितलं की निसर्गाला संपत्ती म्हणून खतावणीत घ्या. सांख्यिकी मंत्रालय आता पर्यावरणाची आकडेवारी दरवर्षी काढतं. पण वाढीचा दर जाहीर होतो तो जुन्याच खतावणीतून. तिथे बसून भांडायला कुणीतरी लागेल ना?

मामा: भांड. पण भांडताना आमच्या बाजूने भांडतेस की आकड्याच्या, ते अधूनमधून तपास. बरं, पहिलं काम कुठलं दिलंय?

भाची: गडचिरोलीतली काही गावं. गौण वनोपजातून घराला वर्षाला किती मिळतं. मोहफूल, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक, मध. विकलेलं आणि घरी खाल्लेलं दोन्ही. सर्वेक्षण फेब्रुवारीत आहे.

मामा: फेब्रुवारीत? काहून? मोहफूल मार्चच्या मध्याला पडायला लागतं, तेंदू मेमध्ये. फेब्रुवारीत बाईच्या टोपलीत काय सापडणार तुला?

भाची: निधी ३१ मार्चला संपतो. त्याआधी खर्च दाखवावा लागतो.

मामा: मग तुझ्या तक्त्यात मोहफूल शून्य लागेल.

भाची: मुदतवाढीचं पत्र आजच लिहिते. नाही मिळाली तर गेल्या हंगामाचं आठवून सांगा, असं विचारावं लागेल.

मामा: तसं विचार. पण किलोत विचारू नकोस, पायलीत विचार. आणि पुरुषाला नको, वेचायला ती जाते. घरी खाल्लेल्याचं आधी विचार, विकलेल्याचं नंतर. उलट केलंस तर ती व्यापाऱ्याचा भाव सांगत बसेल आणि घरचं राहून जाईल.

भाची: थांबा, वही आणते. एका पायलीत सुकलेलं मोहफूल किती किलो बसतं?

मामा: गावागावाची पायली वेगळी. तराजू बरोबर घेऊन जा.